धरणाखाली सुखाने राहण्यासाठी काही सूचना

तुमचं शेत जुन्या मातीच्या धरणाच्या खालच्या अंगाला आहे का? मग तुमच्यासारखा नशीबवान खान्देशात दुसरा नाही. सगळे टँकरची वाट बघत असतात आणि तुमच्या विहिरीला चैत्रातही पाणी. हे सुख टिकवायचं असेल तर मी केल्या त्या चुका करू नका.

माझी पहिली चूक, पाण्याचा रंग पाहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा सालदार बांधावरून ओरडला, "भाऊ, पानी गढूळ यी ऱ्हायनं!" भरावाच्या पायथ्याशी दरवर्षीच पाझरतं, पण नितळ. नितळ पाझर मातीच्या धरणाला नवा नाही. गढूळ पाणी आलं म्हणजे भरावाच्या पोटातली माती त्याच्यासोबत बाहेर पडतेय. आत बीळ पडतं, ते रुंदावत जातं आणि मग एखाद्या रात्री... असो. मी ते पाणी बाटलीत भरून घेतलं. तुम्ही भरू नका.

तक्रारीचा अर्ज तीन प्रतींत करा. धरण एकच असलं तरी ते आमच्याकडे नाही असं सांगणारी कार्यालयं तीन आहेत.

भरावावरच्या बाभळी तोडू नका. पाहणीला कधी कोणी आलंच तर सावली लागेल.

आता उंची. 2021 साली धरण सुरक्षा कायदा झाला. 15 मीटरहून उंच धरण त्यात थेट येतं. 10 ते 15 मीटरमधलं असेल तर माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर, अशा अटींपैकी एखादी तरी पुरी व्हावी लागते. एकदा कायद्यात आलं की पावसाळ्याआधी तपासणी, पावसाळ्यानंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा, सगळं मालकाच्या गळ्यात. तेव्हा धरण कायद्यात येऊच नये यासाठी जी मेहनत चालते ती पाहून डोळे भरून येतात. एका साहेबांनी उंची नदीच्या तळापासून मोजली, 14 आणि वर काही. दुसऱ्यांनी पायापासून धरली, ती 15 च्या वर गेली. कायद्यात पायापासूनच धरायची असं लिहिलंय, पण धरण 1972 च्या दुष्काळातल्या कामांपैकी आणि पायाचा नकाशा सापडत नाही. मग लांबी. माथा मारुतीच्या देवळापासून धरायचा की जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्यापासून, यावर दोन महिने पत्रं. मग साठा. मूळ साठा 10 लाखांच्या वर, पण गाळ एवढा बसलाय की तेवढं पाणी आता मावत नाही. म्हणून धरण लहान झालं! अहो, गाळाने साठा कमी झाला म्हणून भरावाची उंची कमी झाली का? पाणी माथ्याजवळ येतंय की नाही? मग गाळ आधी काढा ना! तोही तुमचाच, की त्याच्यासाठी चौथं कार्यालय?

माफ करा, सूचना देत होतो.

हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की बातमी होते, तापीकाठच्या गावांना इशारा जातो. आपल्या धरणाला दरवाजेच नाहीत. काळजी मिटली.

सांडव्यात गवत वाढू द्या, गुरांना चारा होतो. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या बाजारपेठेत शिरल्या, तसा पाऊस रोज थोडाच पडतो?

खेकड्यांकडून लेखी ना-हरकत घेऊन ठेवा. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. मंत्र्यांनी कारण सांगितलं, खेकडे.

मुल्लपेरियार हे धरण 1895 चं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 142 फुटांपर्यंत पाणी ठेवायला परवानगी दिली, तरी केरळ आणि तामिळनाडू अजून भांडताहेत. मला त्यांचा हेवा वाटतो. तिथे दोन राज्यं एका धरणासाठी भांडतात. इथे तीन कार्यालयं ते अंगाला लागू नये म्हणून भांडतात.

परवा माझ्या अर्जाला उत्तर आलं. "आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे." संबंधित कार्यालय कुठलं? ज्यांनी तो अर्ज आधी यांच्याकडे वर्ग केला होता, तेच.

आता सरळ बोलतो. साहेब, तुम्ही पोळ्यापासून आजपर्यंत एकदाही पायथ्याशी उतरला नाहीत. गाडी सांडव्यापाशी थांबते, फोटो निघतो, गाडी वळते. उंची कितीही निघो, खाली आमची घरं आहेत. वस्तीत रात्री लेकरं झोपतात. एक माणूस पाठवा, तो पाझर मोजेल, माती अडवून पाणी गाळणारा वाळू-खडीचा थर टाकेल. एवढंच मागतोय, नवं धरण मागत नाही.

आणि गावकऱ्यांनो, तुम्ही काय हसताय? पायथ्याचा मुरूम ट्रॅक्टर लावून कोणी उचलला? मोटारीचा पाइप भराव फोडून आत कोणी घातला? नावं मला माहीत आहेत, त्यातलं एक आमच्या भाऊबंदाचं आहे. सह्यांच्या अर्जावर मात्र एकाचाही अंगठा नाही.

ती बाटली मी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. आवक नोंदवहीत बाटली चढवता येत नाही म्हणाले, म्हणून परत आणली. ओट्यावर आहे. पाणी आता वर नितळ झालंय, तळाशी दोन बोटं माती बसलीय. बघायची असेल तर या, पण मिरगाच्या आधी या.