वेग सांगू नका, वेळ सांगा

तुम्ही नुकतेच दोन-चार ट्रकचे मालक झाला असाल तर एक गोष्ट आधी शिकून घ्या. ड्रायव्हरला 'गाडी पळव' असं चुकूनही म्हणायचं नाही. फोनवर नाही, मेसेजमध्ये तर नाहीच नाही. तुम्ही फक्त पोचायची वेळ सांगायची. अंतर ६०० किलोमीटर, रात्री दहाला निघायचं, सकाळी सहाला गोदामाच्या फाटकात हजर. बस्स. मर्यादा ताशी ८० किलोमीटरची असेल, तर पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत काटा ८० वर ठेवूनही साडेसात तास लागतात. म्हणजे जेवण, डिझेल, टोल, कोंडी आणि लघवी यांसाठी तुम्ही चांगला अर्धा तास दिलेला आहे. आणखी किती मोठं मन करायचं माणसानं?

कारला जास्त वेग आणि ट्रकला कमी, हा अन्याय तुम्हाला खटकत असेल. खटकणारच. भेदभाव आहेच, आणि तो निव्वळ वजनावरून केलेला आहे. ४० टनांचा भरलेला ट्रेलर ८० ने चालतो तेव्हा त्याच्या अंगात, त्याच वेगाने जाणाऱ्या दीड टनाच्या कारच्या जवळजवळ सत्तावीसपट ऊर्जा असते. ८० चे १०० केले तर वेग वाढतो पावपट, ऊर्जा वाढते दीडपटीहून जास्त. शिवाय एअर ब्रेकमध्ये पाय दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचायलाच अर्धा-एक सेकंद जातो. ८० ने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात अकरा मीटर पुढे गेलेली असते. पण ही शाळेतली गणितं झाली. धंद्यात गणित म्हणजे फेऱ्या.

आता घाट. इथे डिझेल वाचवायचा जुना मंत्र आहे: उतार लागला की गिअर काढ, न्यूट्रलमध्ये सोड. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल घेणंच बंद करतं, आणि न्यूट्रलमध्ये मात्र स्वतःला चालू ठेवायला थोडंथोडं पीत राहतं, ही माहिती ड्रायव्हरला देऊ नका. परंपरेचाही मान राखायला हवा. मग इंजिनाचा अडसर गेलेली गाडी एकट्या ब्रेकवर उतरते. पहिल्या चार वळणांना छान धरते. पुढे ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकातल्या ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे, जळल्याचा वास केबिनमध्ये येतो, मागच्या चाकांतून धूर निघतो. पायाखाली पेडल अगदी घट्ट लागतं, हवेचा काटाही जागेवर असतो, फक्त गाडी थांबत नाही. ड्रम इतका तापलेला असतो की लायनर त्याला पकडतच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. पण ते उतरतात तासाभरानं, आणि तुमची फाटकाची वेळ सहाची आहे.

ठरलेल्या आकड्यापुढे गाडीला पळूच न देणारी स्पीड गव्हर्नर नावाची कटकट सरकारं मागे लावतात. युरोपात १९९२ च्या निर्देशानंतर मोठ्या ट्रकना ती आली आणि तिथलं यंत्र आज ९० वर बांधलेलं असतं. जर्मनीत महामार्गावर साडेतीन टनांवरच्या ट्रकची मर्यादा मात्र ८०. मधले दहा कुणाचे, हे कुणी विचारत नाही. आपणही विचारू नये. काही कल्पक मंडळी वेग मोजणाऱ्या सेन्सरपाशी चुंबक चिकटवतात. मग गाडीचा वेग आणि ड्रायव्हरचे तास टिपणाऱ्या नोंदयंत्राला वाटतं, गाडी उभी आहे आणि ड्रायव्हर विश्रांती घेतोय. गाडी रस्त्यावर सुसाट, ड्रायव्हर नोंदीत झोपलेला. पहाटे चारच्या सुमाराला ती नोंद खरीही ठरते.

सगळ्यांचेच गव्हर्नर एका आकड्यावर अडकले की ओव्हरटेकची खरी मजा येते. पुढचा ८८ ने, तुमचा ९० ने. दोघांच्या लांब्या आणि पुढे-मागे थोडी जागा धरून नव्वदेक मीटर काढायचे म्हटले तर पावणेतीन मिनिटं आणि चार किलोमीटरभर रस्ता लागतो. तेवढा वेळ मागे कारची वरात. जर्मन लोक याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. तिथल्याच हाम शहरातल्या न्यायालयानं २००८ मध्ये अशा ओव्हरटेकला जास्तीत जास्त ४५ सेकंदांचं माप लावलं. न्यायाधीशांना डिलिव्हरीच्या वेळा नसतात, त्यांना काय कळणार?

एवढं करून हाती काय लागतं, असं तुमच्या घरचं कुणी विचारलं तर अभिमानाने सांगा: ८० ऐवजी ९० ने पळालं की दर १०० किलोमीटरमागे आठ मिनिटं वाचतात. सहाशेत पन्नास. ही पन्नास मिनिटं घेऊन तुमचा ट्रक सहाच्या आधीच फाटकात पोचतो. वॉचमन वहीत नंबर लिहितो, बोटाने रांगेचं शेवटचं टोक दाखवतो. पुढे अकरा गाड्या. माल उतरवणारी माणसं नऊला येतात. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकतो, आणि तुमचा फोन वाजतो: 'पोचलास ना? शाब्बास. दुपारी दुसरा माल आहे.'

आणि समजा, एखाद्या रात्री तो पोचलाच नाही. चौकशीला माणसं येतील. घाबरू नका, मोबाइल खुशाल त्यांच्या हातात द्या. सगळे मेसेज वाचू द्या. वेगाचा आकडा एकातही सापडणार नाही. 'सहाला फाटक', 'कुठे आहेस', 'अजून तिथेच?', 'पार्टी ओरडतेय'. आणि सगळ्यात खाली, पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही स्वतः टाकलेला: 'सावकाश ये.'