बाई, सुरकुत्या राहू द्या, कातडी सांभाळा

बाई, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत आयुष्यभर शिकवलंत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ‘बाई’च म्हणते. ‘वयानुसार त्वचेची निगा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल, त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की विशी, चाळिशी, साठी असे कप्पे पाडून मी बायकांना म्हातारपणाची भीती घालते. तुमच्या आईंनी जन्मभर विड्या वळल्या, तोंडाला खोबरेलाशिवाय काही लावलं नाही आणि ऐंशी उलटल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घरात सगळ्यांना प्रिय आहेत. पाचशे रुपयांची सनस्क्रीन आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात घामाबरोबर वाहून जाते, ती घेणार कोण? आणि शेवटचं वाक्य: ‘तुमचं मेडिकलचं दुकान आहे, तुम्ही असंच लिहिणार.’

दुकान आहे, खरंय. त्या काउंटरवर रोज उभी राहते म्हणूनच लिहिते. चेहऱ्याची नासाडी कशी होते ते मला तिथे दिसतं, आणि ती बहुतेक वेळा सुरकुत्यांनी झालेली नसते.

सुरकुत्यांवरून आपलं भांडणच नाही. त्या घालवा, असं मी कुठे लिहिलेलं नाही. पण कातडी म्हणजे फक्त चेहरा नव्हे. पाणी आत धरून ठेवणं, जंतू बाहेर अडवणं, ऊन झेलणं, जखम भरून काढणं ही तिची कामं वय वाढतं तशी मंदावतात. कुठलं काम कधी मंदावतं, एवढंच मला त्या कप्प्यांमधून सांगायचं होतं.

आईंनी काही लावलं नाही, हे मला पूर्ण पटत नाही. एकदा त्यांच्या दंडाची आतली बाजू बघा, काखेजवळची, जिथे कधी ऊन लागलं नाही. मग मनगटाची वरची बाजू बघा. दोन्हींचं वय एकच आहे. तरी आतली कातडी मऊ, एकरंगी असेल, आणि मनगटावर डाग, खरखर, जाड रेषा असतील. हा फरक उन्हाचा. आता त्यांचा दिवस आठवा. मांडीवर सूप घेऊन घरात, ओसरीत सावलीला बसायचं, कारखान्यात विड्या द्यायला निघताना डोक्यावरून पदर घ्यायचा. तो पदर हीच त्यांची सनस्क्रीन होती, आणि ती उत्तम होती.

तुमच्या उरलेल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आधी वेळ, मग कापड, मग सनस्क्रीन. अकरा ते चार बाहेर जाणं टळत असेल तर टाळा. नसेल टळत तर घट्ट विणीचा सुती स्कार्फ, छत्री, पूर्ण बाह्या. स्कूटीवर जाणाऱ्या आपल्या मुली तोंड छान बांधतात आणि हँडलवरचे हात मात्र उघडे ठेवतात. आठ-दहा वर्षांनी फरक तिथेच दिसतो. सनस्क्रीन लावायची ती कापडाबाहेर राहिलेल्या भागाला, आणि ज्यांना वांग आहे किंवा कामच उन्हात आहे त्यांनी नेमाने. एसपीएफ ३० आणि ५० यांत फार अंतर नाही: तीस सुमारे ९७ टक्के अडवते, पन्नास सुमारे ९८. पण हा आकडा कातडी जाळणाऱ्या किरणांचा. कातडी आतून सैल करणारे यूव्हीए किरण काचेतूनही येतात, त्यासाठी डबीवर ‘पीए’पुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का ते पाहावं. घामाने ती वाहते हे तुमचं बरोबर आहे. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागते, आणि म्हणूनच मी कापडावर जास्त भर देते.

आता ज्यावर मला खरंच कळकळीने लिहायचंय ते लिहिते. लग्नसराई आली की दुकानात मुली येतात. डॉक्टरांची चिठ्ठी नसते, मोबाईलमध्ये एका ट्यूबचा फोटो असतो. ‘हीच द्या, मैत्रिणीला पंधरा दिवसांत फरक पडला.’ फरक पडतो, खोटं नाही. कारण त्यात स्टिरॉइड असतं, अनेकदा सोबत रंग उजळणारं हायड्रोक्विनोन आणि कातडीची साल काढणारं ट्रेटिनॉइन. वांगासाठी ही औषधं डॉक्टर ठरावीक आठवडे देतात, नजर ठेवतात, थांबवतात. इथे ती वर्षानुवर्षं पावडरसारखी लावली जातात. मग कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसतं, पुरळ येतं, हनुवटीवर लव वाढते. ट्यूब बंद केली की तोंड आगीसारखं जळतं, म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब घ्यायला येते. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट निळसर काळे डाग पडतात, आणि ते जाता जात नाहीत. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. मी देत नाही, त्यावरून बोलणी खाते, खाईन. आणि बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघतो तो कातडीवर थांबत नाही, मूत्रपिंडापर्यंत जातो. पंचविशीतल्या मुलीला विशेष काही लावायची गरजच नसते, बाई. सौम्य साबण, सावली, आणि ही ट्यूब नको, एवढं तिने पाळलं तरी पुष्कळ.

तिशी-चाळिशीतल्या बायका मान घासत असतात. बेसन, लिंबू, सोडा, दगड. मानेवरचा तो काळा, मखमलीसारखा जाड पट्टा मळ नसतो. बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. घासून तो आणखी काळा होतो. त्यापेक्षा साखर तपासून घ्यावी, वजन पाहावं. लिंबू आणि सोडा कुठल्याच वयात चेहऱ्याला लावू नये. हळद-बेसनाला माझी ना नाही, फक्त रगडू नका. खोबरेलही चांगलं, मुरमं असलेल्या चेहऱ्याला मात्र नको.

पाळी जाते तेव्हा मोठा बदल होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की पहिल्या पाच वर्षांतच कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं. चेहरा अचानक उतरल्यासारखा वाटतो, अंगाला कोरड येते, आजवर चालणारा साबण चालेनासा होतो. हे शरीराचं आहे, आपल्या निष्काळजीपणाचं नाही, एवढं कळलं तरी बाईला धीर येतो. कोलॅजनच्या महागड्या क्रीमने ते परत येत नाही, तो रेणू कातडीत शिरण्याएवढा लहान नसतो. रेटिनॉइडने, म्हणजे ट्रेटिनॉइनच्या गटातल्या औषधांनी, थोडा फरक पडतो, पण ते रात्री, थोडं, डॉक्टरना विचारून, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

आईंकडे येते, कारण तुम्ही ओझरतं लिहिलंय की गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत त्यांना रात्रभर खाज सुटते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथल्या दुर्लक्षाला आहे. साठीनंतर कातडीतलं तेल आटतं. त्यात आपली कोरडी थंडी. नळाला रोज पाणी नाही म्हणून आंघोळीला बोअरचं जड पाणी, तेही कढत, वर जंतुनाशकाचं टोपण आणि कपड्यांच्या साबणासारखा कडक साबण. कातडीचा सामू (पीएच, आम्लता मोजायचा आकडा) साडेपाचच्या आसपास, वडीच्या साबणाचा नऊ-दहा, म्हणून तो कातडी आणखी कोरडी करतो. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. साबण काखेत, जांघेत, पावलांना. बाकी अंगाला रोज नको. घासणी नको. अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची. पावलांना जेली किंवा कोकमतेल. पण तेल लावून लगेच ओल्या फरशीवर चालू देऊ नका. पंधरा दिवस हे करूनही खाज राहिली आणि अंगावर पुरळ नसेल, तर साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड तपासायला हवं.

त्यांचे हातही जवळून बघा. भिजवलेली पानं कातरायची, तंबाखूची भुकटी हाताळायची, नखाने विडीचं तोंड दुमडायचं. इतकी वर्षं हे केल्यावर बोटांची टोकं गुळगुळीत होतात आणि भेगाळतात. माझ्या दुकानासमोर रेशनची रांग लागते. कितीतरी आज्या मशीनवर अंगठा दाबतात, पुसतात, पुन्हा दाबतात, ठसा उठत नाही. ‘उद्या या’ ऐकून परत जातात. बाई, म्हाताऱ्या कातडीची निगा हा शौक वाटतो त्यांनी ही रांग बघावी. रोज रात्री बोटांना जेली चोळून जुने सुती मोजे हातात घातले तर भेगा भरतात, आणि पुष्कळदा ठसाही नीट उमटू लागतो. मशीनवर जाण्याआधी मात्र बोट पुसून घ्यायचं, तेलकट बोट चालत नाही. नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाईलवरही काढता येतो, तो पर्याय आईंसाठी जरूर वापरा.

हातावर जरा लागलं की जांभळे डाग उठत असतील तर कातडी पातळ झाली आहे असं समजा. बांगड्या सैल घाला, धरून उठवताना मनगट ओढू नका, जखमेला चिकटपट्टी थेट लावू नका. कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायला हवी.

खर्चाचं म्हणाल तर हे सगळं महिन्याला शे-दीडशेत बसतं. महिनाभर न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, न थांबणारी खाज, यांसाठी माझ्या दुकानात येऊ नका. आईंना सिव्हिलच्या त्वचा विभागात घेऊन जा. आणि जाताना घरात असतील नसतील त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा. डॉक्टरांना आधी त्याच बघायच्या असतात.