पंडिता रमाबाई आणि तो फिरून येणारा मेसेज

दर दोन-चार महिन्यांनी तो मेसेज फिरून येतोच. 'पंडिता' ही पदवी मिशनऱ्यांनी चिकटवली, बाई त्यांच्या हातातलं बाहुलं होत्या आणि त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेलं शारदा सदन म्हणजे बाटवायचा कारखाना.

पदवीचं आधी उरकून घेऊ. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या रमाबाईंचं संस्कृत पारखून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये, इंग्लंडात. मिशनऱ्यांनी पाच वर्षं आधीच पदवी दिली म्हणायची का?

आता बाहुल्याचं. इंग्लंडातल्या वॉन्टेजच्या ख्रिस्ती मठात सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशीच रमाबाईंचे पत्रांतून खटके उडत. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायला बाईंनी नकार दिला. लॅटिन पवित्र आणि संस्कृत नाही, हे कसं? मांसाला शिवल्या नाहीत त्या नाहीतच. 1897 च्या प्लेगात पुण्यात बायकांचे हाल पाहिल्यावर त्यांनी सरकारी बंदोबस्तावर वर्तमानपत्रात जाहीर टीका केली. गव्हर्नर सँडहर्स्टपर्यंत झळ पोचली. असलं बाहुलं कोणता साहेब पाळेल!

कारखान्याचा आरोप मात्र हवेतला नाही, हे कबूल केलं पाहिजे. सदन 1889 मध्ये मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं आणि चाललं अमेरिकेतल्या वर्गणीवर. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली जाऊन बसायच्या, आणि बाई त्यांना हुसकून लावत नसत. यावरून 'केसरी'ने रान उठवलं, 1893 मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. माझ्या मते त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. पुढे रमाबाईंनीच काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन तर उघडउघड ख्रिस्ती. पण मेसेजवाले तिथलं सगळं उचलून सदनाच्या माथी मारतात आणि गोदूबाईंना साफ विसरतात.

सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. तिथे सुमारे चार वर्षं शिकल्या. 1893 मध्ये, म्हणजे ऐन वादाच्या वर्षी, त्यांनी लग्न केलं ते धोंडो केशव कर्व्यांशी. हिंदू राहूनच. 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेलेल्या याच गोदूबाई पुढे कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या.