पीएसए ४च्या वर म्हणजे कॅन्सर? नाही

गिरगावपासून बोरिवलीपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पीएसए ४च्या वर गेला की प्रोस्टेटचा कॅन्सर. ४च्या आत असेल तर निर्धास्त राहा. बायोप्सी करू नका, सुई लागली की पसरतो.' पीएसए म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. बायोप्सी म्हणजे सुईनं ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं. मेसेजमधली तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि मधलं सगळ्यात घातक.

'४च्या वर म्हणजे कॅन्सर'
वयाबरोबर प्रोस्टेट वाढते, तसा पीएसएही चढतो. पन्नाशीत साधारण ३.५, तर सत्तरीत ६.५पर्यंतचा आकडा वयाला धरून मानतात. लॅब मात्र चौऱ्याहत्तरीच्या आजोबांच्या ५.२ पुढेही ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापते आणि घराची झोप उडते. ४ ते १०च्या दरम्यान बायोप्सी केलेल्या साधारण चौघांपैकी एकालाच कॅन्सर निघतो. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा लघवी तुंबून घातलेली नळी, यांनीही आकडा उसळतो. संसर्ग बरा झाल्यावर ६ ते ८ आठवडे थांबून पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आधीचे दोन दिवस संभोग आणि सायकल टाळा.

'४च्या आत म्हणजे निर्धास्त'
आधी गोळ्यांची स्ट्रिप उलटून नावं वाचा. रात्री चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून दिलेल्या गोळीत टॅम्सुलोसिनबरोबर अनेकदा ड्युटास्टेराइड ०.५ मिग्रॅ असतं. हे औषध, तसंच फिनास्टेराइड, साधारण सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणतं. म्हणजे रिपोर्टमधला ३.१ हा ६.२ धरायचा. नुसतं टॅम्सुलोसिन असेल तर दुप्पट करू नका. गोळी चालू असताना खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर तो ४च्या आत असला तरी डॉक्टरांना दाखवा. केस गळतात म्हणून घेतलेलं १ मिग्रॅ फिनास्टेराइडही आकडा असाच उतरवतं. ते सांगायला लोक हमखास विसरतात.

'बायोप्सीनं पसरतो'
सुईच्या वाटेनं कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ. खरा धोका रक्तस्राव आणि संसर्गाचा, म्हणून हल्ली आधी एमआरआय करून बायोप्सी लागते का ते ठरवतात.

युरॉलॉजिस्टकडे जाताना जुने सगळे पीएसए, ती स्ट्रिप आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट न्या. सोनोग्राफीत प्रोस्टेटचं वजन लिहिलेलं असतं. पीएसएला त्या वजनानं भागा: तोच ५.२ भागिले ६० ग्रॅम म्हणजे ०.०९, भागिले ३० ग्रॅम म्हणजे ०.१७. हा भागाकार ०.१५च्या वर गेला की कॅन्सरची शंका बळावते.