लेटमार्क कुणाच्या नावावर?

विषय निघाला सरकारी कार्यालयातल्या हजेरीच्या थंब मशीनवरून. बापूचं म्हणणं सरळ होतं. "पावणेदहाला अंगठा, सव्वासहाला अंगठा. तीन लेटमार्क झाले की एक नैमित्तिक रजा गेली, आणि त्या वर्षाला आठच. आणखी काय पाहिजे?"

"पावणेदहाला अंगठा लावून माणूस चहाला गेला आणि अकराला टेबलावर आला, तरी मशीनच्या लेखी तो वेळेवरच," अण्णा म्हणाले. आस्थापनेचं काम त्यांना पाठ आहे. "त्यासाठी हालचाल नोंदवही असते. कधी गेला, कुठे, कशासाठी, कधी परतला आणि शेवटच्या रकान्यात साहेबांची सही. तोच रकाना बघ. एकतर कोरा, नाहीतर महिनाभराच्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत ठोकलेल्या."

"साहेब तरी काय करणार? अतिरिक्त कार्यभार, बैठका, व्हिडिओ कॉन्फरन्स. खुलासा मागितला की संघटना दारात."

वकील इतका वेळ गप्प होता. "अडचण खरी आहे रे बापू. पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 3 वाच. हाताखालच्यांची कर्तव्यपरायणता राखायला शक्य ते सगळं करणं, हे पर्यवेक्षकाचं स्वतःचं कर्तव्य आहे. खुलासा खालच्याला विचारतात, वरच्याला कोणी विचारत नाही. खरी गळती तिथे आहे."

मला वकिलाचं पटलं. हजेरीपेक्षा फाइलचा उशीर लोकांना जास्त छळतो, आणि त्यावर 2005 चा विलंब प्रतिबंधाचा कायदा आहेच. साधारणपणे एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर 45 दिवसांत निर्णय, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई.

"मग फाइल अडकते कुठे?" बापूनं विचारलं.

अण्णांनी दोन जागा सांगितल्या. पहिली, त्रुटी. सातव्या दिवशी एक त्रुटी काढून अर्ज परत, ती भरली की दुसरी. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवल्या का, हे साहेबांनी सही करताना बघायचं असतं. दुसरी, प्रतीक्षाधीन गठ्ठा, म्हणजे उत्तराची वाट बघत ठेवलेली प्रकरणं. दुसऱ्या कार्यालयाला एक स्मरणपत्र धाडलं की प्रकरण त्या गठ्ठ्यात जातं आणि आठवड्याच्या गोषवाऱ्यात शिल्लक कमी दिसते. म्हणून दफ्तर तपासणीत आधी तो गठ्ठा उघडायचा आणि शेवटच्या स्मरणपत्राची तारीख बघायची.

"आणि आपण काय करायचं?"

"पोच घे. शिक्का, आवक क्रमांक, तारीख," वकील म्हणाला. "मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचार, या आवक क्रमांकाचा कागद कोणत्या टेबलावर कधी आला, कधी गेला, तिथे कोण होतं. उत्तराची मुदत 30 दिवस. सेवा अधिसूचित, म्हणजे सरकारनं रीतसर जाहीर केलेली असेल, तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा. त्यात दंड 500 ते 5,000 रुपये. चुकणाऱ्याला पाठीशी घालणाऱ्या प्रथम अपील अधिकाऱ्यालाही तेवढाच."

"अधिसूचित नसेल तर?" बापू सोडत नव्हता.

"तर विलंब प्रतिबंधाचा कायदा आहेच. आधी कार्यालयातला फलक वाच. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी म्हणजे सेवा देण्याची जबाबदारी असलेला, दोन्ही अपील अधिकारी, सगळं त्यावर असायला हवं. फलकच लावला नसेल, तर पहिली तक्रार त्याचीच कर, आणि ती कार्यालयप्रमुखाच्या नावानं."