बॉण्डवरचे घर आणि हिरवा पट्टा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक परिसरात आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते, या विद्यमान जमीन वापरावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर, आणि थोड्या रागानेच, प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले दोन आक्षेप आहेत. मी गुंठेवारीतल्या, म्हणजे शेताचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या वस्तीतल्या, माणसाला अतिक्रमण करणारा ठरवले, हा पहिला. आणि घरे उभी राहून गेल्यावर जमीन वापराचे नकाशे काढत बसणे हा कागदी खेळ आहे, त्यापेक्षा पाणी आणि रस्ते द्यावेत, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्याने शेतमालकाला रोख पैसे मोजून वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, त्याने कोणाच्याही जागेवर अतिक्रमण केलेले नाही. ६०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडेसेच जास्त. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या तुकड्याचे खरेदीखत नोंदवता येत नसे, म्हणून व्यवहार बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न केलेल्या मुद्रांक कागदावर, झाला आणि सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचेच राहिले. दोष असलाच तर तो रेखांकन (प्लॉट-रस्त्यांचा लेआउट) मंजूर न करता शेत कापून विकण्याचा आहे, आणि त्यातला नफा घर बांधणाऱ्याच्या हाती लागलेला नाही. गुंठेवारी विकास नियमितीकरणाचा २००१ चा कायदा आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवणारी दुरुस्ती, या दोन्हींमागे हीच कबुली आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि तेही आपण ज्यांची बाजू मांडता त्यांच्याचसाठी.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ नुसार विकास योजनेचा प्रारूप आराखडा करण्याआधी जमिनीच्या विद्यमान वापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार करावा लागतो. हे काम जागेवर फिरून न करता सातबाऱ्यावरून उरकले, तर जिथे चारशे घरे आहेत तिथे ‘शेती’ असा हिरवा रंग भरला जातो. पुढे आराखडा करणाऱ्याला तो हिरवा तुकडा मोकळा दिसतो आणि क्रीडांगणाचे किंवा शाळेचे आरक्षण नेमके तिथेच येऊन बसते. मग ते घर पाडले जात नाही आणि नियमितही होत नाही. मालक वर्षानुवर्षे नुसता चकरा मारत राहतो. आपण मागता ती जलवाहिनीसुद्धा किती व्यासाची टाकायची, हे त्या भागात माणसे किती धरली आहेत यावरच ठरते. नकाशात शेत असेल तर हिशेब शेताचाच होणार.

रंग भरणे सोपे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. रांजणगाव शेणपुंजीकडे पाहिलेले एकच घर सांगतो. खाली शटरच्या आत दोन लेथ मशीन, कंपन्यांचे जॉबवर्क चाललेले; मागे पत्र्याच्या चार खोल्या, त्यांत बीड, परभणीकडची पोरे भाड्याने; वर मालकाचे कुटुंब; दारात टँकरच्या पाण्याचे निळे ड्रम आणि शेजारच्या न विकलेल्या पट्टीत ज्वारीची धाटे. हे निवासी, औद्योगिक, की व्यापारी? सर्वेक्षण करणारा बहुधा निवासी वापराचा पिवळा रंग भरून पुढे जातो, आणि तिथल्या यंत्रांना लागणारी वीज व मालाच्या टेम्पोला लागणारा रस्ता हिशेबातून गळून पडतो. मला विचाराल तर अशा घरांना मिश्र वापराची स्वतंत्र खूण हवी, कारण जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी या गावांत हा अपवाद राहिलेला नाही. औद्योगिक वसाहत आली तेव्हा कारखान्यांसाठी भूखंड आखले गेले. कामगारांच्या निवाऱ्याची सोय मात्र त्या प्रमाणात झाली नाही, आणि ती उणीव या गावांनी आपल्या शेतांवर भरून काढली. (सिडको या सरकारी नगरविकास कंपनीचे वाळूज महानगर झाले, पण बॉण्डवरच्या प्लॉटचा हप्ता ज्याला जेमतेम जमतो त्याला तिथला दर परवडत नव्हता.)

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार हरकती व सूचना मागवल्या जातात. तेव्हा आपल्या गल्लीतल्या लोकांनी वीजबिल, घरपट्टीची पावती आणि घराचा फोटो जोडून ‘येथे विद्यमान वापर निवासी आहे’ एवढे एक वाक्य लेखी द्यावे. सुनावणीत बॉण्डपेक्षा याच कागदांचा जास्त उपयोग होईल, असे मला वाटते.

मूळ लेखातील ‘अतिक्रमण’ हा शब्द तिन्ही ठिकाणी बदलून आज ‘विनापरवाना रेखांकन’ असे केले आहे. सातबाऱ्यावरून केलेल्या नकाशांविषयीचा परिच्छेद मात्र होता तसाच ठेवला आहे.