वर्षातून एकच दिवस का?

११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन असतो. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवते. गेल्या खेपेला त्याच आठवड्यात मी घरी होते आणि रस्ता एरवीही बंद ठेवावा का, यावरून रात्री जेवताना दादाशी माझं चांगलंच वाजलं. "गाडी दारापर्यंत आली नाही की गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं," असं त्याचं म्हणणं. त्याचं लक्ष्मी रस्त्यावर साड्यांचं दुकान आहे, त्यामुळे ते झटकून टाकायची माझी हिंमत नाही.

पण मी बारा वर्षं इंग्लंडात नॉरिचला राहते. तिथे लंडन स्ट्रीट नावाची जुनी, अरुंद बाजारपेठ आहे. १९६५ मध्ये गटाराच्या कामासाठी ती खणली आणि गाड्या बंद झाल्या. शहर ठप्प होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही. मग १९६७ मध्ये तो रस्ता कायमचा चालणाऱ्यांना दिला. ब्रिटनमध्ये असं करणाऱ्या पहिल्या काही रस्त्यांपैकी तो एक. आपल्याकडे रस्ते किती वेळा खणतात! त्यातून असा धडा मात्र कुणी घेत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. नॉरिचमध्येच एल्म हिल नावाची गोट्यांच्या फरसबंदीची गल्ली आहे. १५०७ च्या आगीनंतर बांधलेली घरं, झुकलेल्या भिंती. १९२०च्या दशकात ती पाडायला निघाले होते, कौन्सिलात एका मताने वाचली. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. पण बारा वर्षांत घरासाठी म्हणून तिथून काही घेतलेलं मला आठवत नाही. जुन्या वस्तू, भेटवस्तू, चहा, बस्स. भाजी आणि किल्ली करून घ्यायला मी जाते ती सिटी हॉलसमोरच्या मंडईत. ती नऊशे वर्षांहून जुनी आहे, रंगीत पट्ट्यांच्या छपरांचे गाळे कौन्सिलचेच आहेत, आणि शहराच्या मधोमध त्यांना हक्काची जागा आहे.

लक्ष्मी रस्त्यालगतच्या तुळशीबागेची एल्म हिल होऊ नये. नारो आप्पाजी खिऱ्यांनी १७६१ च्या सुमारास तिथे राममंदिर बांधायला घेतलं, आणि आज त्या देवळाभोवती गौरीचे मुखवटे, भातुकली, समया, पोळपाट, पिना, बांगड्या असं सगळं हाताला लागतं. आईला कुकरची रिंग हवी असली तर ती अजून तिथेच जाते. रस्ता मोकळा करायचा म्हणून पथारीवाले उठवले तर हे सगळं जाईल. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना नेमून जागा द्या, त्यांना हुसकावू नका.

गाडीचा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो येते, स्टेशनातून वर आलं की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर. मालाच्या टेम्पोंना सकाळी लवकरची वेळ द्यावी, म्हाताऱ्यांसाठी रिक्षा ठरावीक जागी थांबाव्यात.

दादाला मी एवढंच सांगून आले की व्यापारी संघटनेच्या बैठकीत महिनाभर दर शनिवारी रस्ता बंद ठेवून बघायचा प्रस्ताव मांड, रोजचा गल्ला वहीत लिही. तो हो म्हणाला नाही. पण ११ तारखेला आई गुडघा धरत का होईना, भर रस्त्यातून चालत त्याच्या दुकानापर्यंत गेली होती, आणि ते त्याने पाहिलं होतं.